मालकाचा शब्द किती धरावा? लांब पल्ल्याच्या सायकलीचा एक हिशेब

माल कसा आहे हे कळायचे असेल तर ज्याने तो वापरला त्याला विचारावे, असे आपल्या बाजारातले बुजुर्ग सांगत आले आहेत. गोष्ट खरी आहे. पण वापरणाऱ्याला नेमके काय विचारायचे, कोणाकोणाला विचारायचे आणि मिळालेल्या उत्तरांचा हिशेब कसा मांडायचा, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे दोन-चार लोकांनी "माल झकास आहे" म्हटले की आपण गठ्ठे उचलतो आणि एकाने "भंगार आहे" म्हटले की हात आखडतो. दोन्ही वेळा नुकसान होण्याचा धोका असतो. घरातच घडलेल्या एका प्रसंगावरून हा विषय वाचक बंधूंसमोर मांडत आहे. प्रसंग सायकलीचा आहे, पण कापड, शिलाई मशीन, लूमचे पार्ट किंवा पाण्याची मोटर विकणाऱ्यालाही तो लागू पडावा.

माझा भाचा नाशिकला सायकलीचे दुकान चालवतो. त्याच्या वडिलांचा सगळा जन्म पंक्चर आणि ओव्हरहॉलिंगमध्ये गेला. मुलाने मात्र गिअरच्या सायकली ठेवायला सुरुवात केली. आजकाल पाठीमागे दोन्ही बाजूंना पिशव्या बांधून कोकण किनारा, गोवा असा प्रवास सायकलीने करणारे बरेच झाले आहेत. अशा लांब पल्ल्याच्या सायकलीचे एक मॉडेल त्याला घ्यायचे होते. एका नगाची किंमत चाळीस हजारांच्या पुढे. दहा नग एकदम उचलले तर भावात चांगली सूट. म्हणजे चार लाखांचा मामला, आणि त्यातले निम्मे पैसे माझ्या बहिणीने घराच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले.

"मामू, सात मालकांना भेटलो. सातही जण खूश आहेत. एकाचीही तक्रार नाही. आता अजून काय पाहायचे?" भाचा म्हणाला.

मी म्हणालो, "बेटा, या सायकली विकल्या गेल्या किती?"

ते त्याला माहीत नव्हते. तिथूनच आमचा हिशेब सुरू झाला.

गप्प राहिलेले ग्राहक

हा प्रश्न मी विचारला, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ठिकाणाहून रंगीत लुंगीचा माल घेऊन बारा दुकानदारांना दिला. दोघांकडून रंग उतरल्याची तक्रार आली. दहा जण काही बोलले नाहीत, तेव्हा माल ठीक आहे असे धरून रमजानच्या सीझनसाठी मी दुप्पट माल उचलला. नंतर कळले की त्या दहांपैकी निम्म्यांनी माल पडत्या भावाने काढून टाकला होता आणि पुढची खरेदी दुसऱ्या पेढीवर सुरू केली होती. ते भांडायला आले नाहीत, ते फक्त परत आले नाहीत. मी त्यांच्या गप्प राहण्याला पसंती समजलो आणि सीझन संपल्यावर अर्धी गोदामे भरलेली राहिली.

सायकलीचेही तसेच आहे. ज्याची सायकल चांगली चालली तो ती घेऊन रविवारी रस्त्यावर दिसतो, दुकानात येतो, चार गोष्टी सांगतो. ज्याची बिघडली त्याने ती विकून टाकलेली असते किंवा गॅलरीत टांगलेली असते. तो कुठे भेटणार? म्हणून रस्त्यावर भेटलेल्या मालकांवरून काढलेला अंदाज नेहमी मालाच्या बाजूने झुकतो.

या चुकीबद्दल एका गणितीचे नाव जगभर घेतले जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास, अब्राहम वाल्ड हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका संशोधन गटात काम करत होते. लढाईतून परतलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे आहेत, यावरून विमानाचा कोणता भाग नाजूक आहे हे शोधायचे होते. वरवर पाहणारा म्हणेल, जिथे भोके जास्त तिथे पत्रा जाड करा. वाल्ड यांच्या मांडणीचा गाभा वेगळा होता. ही विमाने परत आली, म्हणजे या जागी गोळी लागूनही विमान टिकते. जी परत आलीच नाहीत, त्यांना गोळी कुठे लागली असेल याचा विचार हिशेबात धरला पाहिजे. हे वाल्ड पुढे भारतात व्याख्यानांसाठी आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातातच वारले.

व्यापाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की परत न आलेल्या ग्राहकाचाही हिशेबात एक रकाना असतो.

सातांपैकी सात म्हणजे किती?

दुसरी गोष्ट संख्येची. सात जण सांगतात, सातही खूश, हे ऐकायला भरभक्कम वाटते. पण समजा, एखाद्या मॉडेलच्या दर पाच सायकलींतली एक बिघडणारी आहे. दुकानदाराच्या दृष्टीने हा वाईटच माल झाला. तरीही त्यातले कोणतेही सात मालक निवडले तर सातही बिनतक्रार निघण्याची शक्यता सुमारे २१ टक्के असते. म्हणजे पाच वेळा असे सात-सात जण गाठले तर साधारण एकदा तुम्हाला सगळे खूशच भेटतील आणि तुम्ही फसाल.

हिशेबनीस लोकांचा यासाठी एक सोपा आडाखा आहे. जितक्या मालकांना विचारले आणि एकाचीही तक्रार निघाली नाही, त्या संख्येने ३ ला भागावे. तीस मालक बिनतक्रार असतील तर ३ भागिले ३०, म्हणजे बिघाडाचे खरे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकते असे धरून चालावे. शंभर असतील तर ३ टक्क्यांपर्यंत. सात जणांवर तर हा आडाखा फारसा चालतच नाही. नेमके गणित केले तर प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपासही असू शकते. शिवाय हा आडाखा मालक कसलीही निवड न करता घेतले असतील तरच लागू पडतो. फक्त खूश लोकच भेटले असतील तर तोही कामाचा नाही.

मोटारीच्या धंद्यात हा हिशेब मोठ्या प्रमाणावर होतो. जर्मनीत एडीएसी नावाची मोटारमालकांची संघटना आहे. रस्त्यात गाडी बंद पडली की त्यांचा मेकॅनिक मदतीला जातो. कोणत्या मॉडेलसाठी किती वेळा जावे लागले आणि त्या मॉडेलच्या गाड्या रस्त्यावर किती आहेत, हे जोडून दर हजार गाड्यांमागे किती बंद पडल्या याची यादी ते १९७८ पासून काढतात. त्यातही उणीव आहे. कंपनीच्या स्वतःच्या मदत-गाडीने जे काम उरकले ते त्यांच्या वहीत चढत नाही. तरी पद्धत बरोबर आहे: बिघाड वर, एकूण गाड्या खाली. खालचा आकडा नसेल तर वरच्या आकड्याला अर्थ नाही. ज्या मॉडेलच्या दहा तक्रारी आहेत आणि हजार नग विकले गेले आहेत, ते दोन तक्रारी आणि वीस नग विकलेल्या मॉडेलपेक्षा चांगले.

बाकीच्यांना शोधले तेव्हा

भाच्याने माल देणाऱ्याकडून माहिती काढली. त्या भागात या मॉडेलचे १९ नग गेले होते. सात जणांशी बोलणे झाले होते, बारा उरले. त्यांतले नऊ सापडले. त्या नवांपैकी तिघांच्या सायकली घेतल्यापासून जवळजवळ उभ्याच होत्या. चौघांनी विकून टाकल्या होत्या. दोघे वापरत होते आणि समाधानी होते.

विकणाऱ्या चौघांपैकी एकाला फ्रेमचा साईज लागला नव्हता. हा सायकलीचा ऐब नाही, विकताना माप नीट घेतले नाही एवढेच. पण बाकीच्या तिघांनी एकच गोष्ट सांगितली: मागच्या चाकाचे स्पोक तुटतात.

मग भाचा पहिल्या सात जणांकडे पुन्हा गेला. या वेळी "सायकल कशी आहे?" असे न विचारता त्याने विचारले, "मागच्या चाकाचा स्पोक कधी बदलला का?" दोघे म्हणाले, हो, बदलला ना. एक तर हसून म्हणाला, "अहो, तारच तुटली, त्यात काय एवढे!" त्यांनी हे पहिल्या वेळी सांगितले नव्हते, कारण त्यांच्या लेखी ती तक्रारच नव्हती.

आता हिशेब असा झाला. खरोखर वापरात असलेल्या किंवा वापरून विकलेल्या सायकली १३. त्यांतल्या पाचांचे मागचे स्पोक तुटलेले. "सातही खूश" वरून आम्ही "तेरांत पाच" वर आलो. सायकल तीच, मालकही बरेचसे तेच. प्रश्न मात्र बदलला होता.

किती चालली आणि काय घेऊन चालली?

मी भाच्याला पुढे सांगितले की प्रत्येक नावापुढे दोन रकाने वाढव: किती किलोमीटर आणि किती वजन. पेटीत ठेवलेल्या साडीचा रंग पक्का आहे असे म्हणण्यात अर्थ नाही, चार धुण्यांनंतर काय ते विचारावे. "दोन वर्षे झाली, काही झाले नाही" हे वाक्यही असेच आहे. दोन वर्षांत सायकल तीनशे किलोमीटर चालली असेल तर ती साक्ष तीनशे किलोमीटरची, दोन वर्षांची नव्हे.

तेरांपैकी सात जण रविवारी सकाळी रिकामी सायकल फिरवणारे निघाले. त्यांच्यापैकी एकाचाही स्पोक तुटला नव्हता. सामान बांधून लांब गेलेले सहाच जण होते. त्या सहांतल्या पाच जणांचे स्पोक तुटले होते, आठशे ते अडीच हजार किलोमीटरच्या दरम्यान. ज्या कामासाठी ही सायकल विकली जाते ते काम करणारे सहाच, आणि पहिल्यांदा कौतुक करणाऱ्या सातांतले बहुतेक ते काम करणारे नव्हतेच.

मिस्त्री बंधूंना याचे कारण समजेल. चाक फिरते तसा प्रत्येक स्पोक जमिनीकडे आला की त्याचा ताण कमी होतो आणि वर गेला की पुन्हा वाढतो. या सायकलीच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर आहे. म्हणजे हजार किलोमीटरमध्ये चाक पावणेपाच लाख वेळा फिरते आणि प्रत्येक स्पोक तितक्याच वेळा ढिला-घट्ट होतो. तार वाकवून वाकवून तोडावी तसा तो थकून तुटतो, बहुतेक वेळा हबजवळच्या वाकणावर. मागच्या चाकावर वजन जास्त असते. त्यात गिअरच्या चकत्यांना जागा देण्यासाठी उजव्या बाजूचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, डावीकडचे त्या मानाने ढिले. पिशव्यांमध्ये पंधरा-वीस किलो सामान आले की हा सगळा मारा वाढतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत ते उगाच नव्हे. कापडाचे गठ्ठे, दुधाचे कॅन, गॅसची टाकी यांचे ओझे मागच्याच चाकावर पडत असे.

झीज वेगळी, बिघाड वेगळा

मालकांच्या बोलण्यात आणखी एक घोटाळा असतो. कोणी म्हणतो, "तीन हजार किलोमीटरमध्ये चेन गेली, टायर गेले, ब्रेकचे रबर गेले, बेकार सायकल." हा बिघाड नव्हे, झीज आहे. चेन ही खपणारी वस्तू आहे. मोजपट्टी लावून पाहावी. चोवीस कड्यांची लांबी नवी असताना बारा इंच असते. ती बारा पूर्णांक एक-अष्टमांश इंच झाली म्हणजे चेन एक टक्का वाढली, आणि ती त्याच्या आधीच बदलायला हवी होती. न बदलल्यास ती मागच्या चकत्याही खाते. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रिमसुद्धा पातळ होते.

म्हणून वहीत तीन खाती करावीत. पहिले झिजणाऱ्या वस्तूंचे: टायर, चेन, ब्रेकचे रबर. दुसरे रस्त्यात अडवणाऱ्या पण खेड्यातल्या मिस्त्रीकडेही दुरुस्त होणाऱ्या बिघाडांचे: स्पोक तुटणे, कॅरिअरचा बोल्ट तुटणे, गिअरची तार जाणे. तिसरे जिवाशी खेळणाऱ्या बिघाडांचे: पुढचा चिमटा, हँडल किंवा फ्रेमला तडा. पहिल्या खात्यातल्या वीस नोंदींनी घाबरू नये. तिसऱ्या खात्यात एक नोंद आली तरी विक्री थांबवून कंपनीला लेखी कळवावे. तिथे टक्केवारी काढत बसू नये.

दोष मालाचा की जोडणीचा?

सामान नेणाऱ्या सहांपैकी सहाव्याचे काय? त्याच्या चाकाचा एकही स्पोक तुटला नव्हता. विचारले तेव्हा कळले की निघण्याआधी त्याने एका जुन्या मिस्त्रीकडून मागचे चाक पूर्ण उघडून घेतले होते. सगळे स्पोक सारख्या ताणाला आणून आउट काढून घेतला होता. कारखान्यातून मशीनवर विणून आलेल्या चाकाचा ताण पुष्कळदा कमी-जास्त असतो, आणि ढिला स्पोक लवकर थकतो.

एका माणसावरून पक्का निकाल देता येत नाही, हे मी भाच्यालाही सांगितले. आपण वर सातांवर विश्वास ठेवला नाही, तर इथे एकावर कसा ठेवणार? पण कारण समजते आहे आणि कामाची मजुरी थोडी आहे, तेव्हा करून पाहायला हरकत नाही. यात आपल्या कारागिरांसाठी मोठी गोष्ट आहे. मालक ज्याला "सायकल चांगली" किंवा "सायकल वाईट" म्हणतो, त्यात मिस्त्रीच्या हाताचा वाटा किती, हे बहुतेकदा मालकाला माहीतच नसते.

सांगणाऱ्याचे मन

मालक मुद्दाम खोटे बोलतो असे नाही. पण ज्याने घरच्यांचा विरोध पत्करून चाळीस हजार घातले, त्याला आपला निर्णय चुकला असे म्हणणे जड जाते. उलट ज्याची सायकल घाटात भर पावसात बंद पडली, तो एका बोल्टसाठी अख्ख्या कंपनीला नावे ठेवतो. म्हणून मालकाचे मत कमी विचारावे, घटना जास्त विचाराव्या. काय तुटले, किती किलोमीटरवर, सामान किती होते, दुरुस्त कोणी केले, खर्च किती आला, पुन्हा तुटले का? शेवटी एक प्रश्न: "आज पैसे हातात असते तर हीच घेतली असती का?" या प्रश्नावर माणूस थांबतो आणि बरेच काही सांगतो.

कोणत्या सालचा नग आहे हेही विचारावे. मॉडेलचे नाव तेच राहते आणि आतला हब, रिम किंवा स्पोक बदललेला असतो. तीन वर्षांपूर्वीच्या नगाचे कौतुक आजच्या नगाला लागू होईलच असे नाही.

कायद्याची बाजू

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम ८६ प्रमाणे, मालामुळे कोणाला इजा झाली किंवा इतर नुकसान झाले तर काही बाबतींत विकणाराही जबाबदार ठरतो. कंपनीच्या हमीपेक्षा वेगळी हमी दुकानदाराने स्वतः दिली आणि माल तसा निघाला नाही, किंवा जोडणी, तपासणी, देखभाल यांत वाजवी काळजी घेतली नाही, तर ही जबाबदारी येऊ शकते. म्हणून "घेऊन जा साहेब, काश्मीरपर्यंत काही होणार नाही, माझी गॅरंटी" असे काउंटरवर बोलण्याआधी आपल्या वहीत काय लिहिले आहे ते पाहावे. मालातला ऐब ग्राहकाला सांगून विकावा, ही आपल्याकडे तिजारतीची शिकवण कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

मग काय ठरले?

भाच्याने दहाऐवजी तीन नग उचलले. सूट गेली. बहिणीचे पैसे घरातच राहिले. प्रत्येक नग विकण्याआधी त्याचे वडील मागचे चाक स्वतः ताणून देतात आणि पाचशे किलोमीटरनंतर एकदा फुकट तपासायला बोलावतात. ग्राहकाला आधी सांगितले जाते की सामान घेऊन जाणार असाल तर या मॉडेलच्या मागच्या स्पोकची तक्रार आम्ही ऐकली आहे, आम्ही असे असे केले आहे, तरी चार जादा स्पोक बरोबर ठेवा. एक गिऱ्हाईक हे ऐकून परत गेले. तीन नग मात्र विकले गेले.

दुकानात आता एक जाड वही आहे. नग कोणाला, कधी विकला, किती किलोमीटर झाले, काय ओझे, काय तुटले. आणि जो सहा महिने दुकानाकडे फिरकला नाही, त्याला फोन करायचा, हा त्या वहीचा पहिला नियम आहे. तीन नगांवरून अजून काही सिद्ध होत नाही. पण पुढच्या वेळी दहा नग उचलायचे की नाही, हे सात खूश मालक ठरवणार नाहीत, ही वही ठरवील.

व्यापारी बंधूंनी आपापल्या मालासाठी अशी एक वही आजपासून घालावी. खर्च एका वहीचा आणि रोजच्या पाच मिनिटांचा आहे. मी ती लुंगीच्या मालाच्या वेळी घातली असती, तर तो सीझन वाया गेला नसता.